इथेनची भट्टी आणि सेकंदाचा हिशेब

ठिबक सिंचनाची काळी नळी, दुकानातील पिशवी, घरावरील पाण्याची टाकी या वस्तू बहुधा पॉलिथीनच्या असतात. पॉलिथीन ज्या इथिलीन वायूपासून बनते, तो नॅफ्था किंवा इथेन यांसारख्या हलक्या हायड्रोकार्बनांचे उष्णतेने विघटन करून मिळवावा लागतो. वडोदरा येथील पेट्रोरसायन संकुलात नॅफ्थाचे असे भंजन 1970च्या दशकाच्या अखेरीपासून होऊ लागले.

यांपैकी इथेनची रीत समजावयास सोपी आहे. त्याच्या रेणूत दोन कार्बन अणू परस्परांस जोडलेले असतात. सुमारे 800 अंश सेल्सिअसला काही थोड्या रेणूंतील हा बंध तुटतो व मिथिल मूलके सुटी होतात. मूलक स्वस्थ बसत नाही. ते शेजारच्या इथेनमधून हायड्रोजनचा अणू हिरावून घेते. उरलेले इथिल मूलक फुटून इथिलीन व हायड्रोजनचा अणू देते. आणि हा अणू पुढील इथेनवर तुटून पडतो. दोन मूलके एकमेकांस भेटून शांत होईपर्यंत ही साखळी चालते. तिचा उलगडा राइस व हर्झफेल्ड या शास्त्रज्ञांनी 1934 मध्ये केला. बंध तोडण्यास मोलमागे सुमारे 375 किलोज्यूल ऊर्जा लागते, पण एकूण अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा 300च्या आसपासच भरते, हे कोडे त्यामुळे सुटले.

तरीही 300 हा आकडा लहान नव्हे. त्याचा अर्थ असा की, या तापमानाला अवघे 20 ते 25 अंश वाढले की विघटनाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून भट्टीच्या नळ्यांत वायूला एक सेकंदही राहू दिले जात नाही आणि बाहेर पडताच तो झटकन थंड करतात. गुऱ्हाळावरील गुळव्याला हे सांगावे लागणार नाही. काहील उतरविण्यास उशीर झाला की गूळ करपतो. येथे इथिलीनच पुढे बिघडून त्याचा कोळसा होतो.

हा कोळसा नळीच्या आत थरावर थर बसतो. उष्णता वायूपर्यंत पोहोचेनाशी होते, भट्टी अधिक तापवावी लागते व नळीच्या धातूस धोका उत्पन्न होतो. तो कमी बसावा म्हणून इथेनबरोबर पाण्याची वाफ सोडतात. एवढे करूनही काही आठवड्यांनी भट्टी उत्पादनातून काढून, वाफ व हवा खेळवून, नळ्यांतील कोळसा जाळून टाकावाच लागतो.