'तो' म्हणजे कोण?

वाचकहो, शब्द दिसायला लहान असतो. पण त्याने दार बंद होते, आणि उघडतेही. हे कसे, ते आपण पाहू.

मुंबई विद्यापीठ 1857 साली सुरू झाले. त्याचे नियम इंग्रजीत होते. परीक्षेला बसणाऱ्यासाठी त्यांत 'तो' हा शब्द होता. मुलीही कधी परीक्षेला बसतील, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

1875 साली एका पारशी गृहस्थांनी विद्यापीठाला विचारले, "माझ्या मुलीला मॅट्रिकला बसू द्याल का?" मॅट्रिक म्हणजे कॉलेजात जाण्याची पहिली पायरी. विद्यापीठाने नियम पाहिले. नियमांत 'तो' आहे, 'ती' नाही. म्हणून नकार मिळाला. मुलगी हुशार आहे की नाही, हा प्रश्नच आला नाही.

पण एकदा विचारलेला प्रश्न मिटत नाही. 1883 साली विद्यापीठाने ठराव केला, की नियमांत पुरुषवाचक शब्द असला तरी त्यात स्त्रीही धरावी. झाले! शब्दाचा अर्थ रुंद केला आणि दार उघडले.

त्या दारातून नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आत गेल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. पुढे विलायतेत ऑक्सफर्डला त्यांनी 1892 साली कायद्याची परीक्षा दिली. पण तिथे बायकांना परीक्षा देता येई, पदवी मिळत नसे. ती बंदी 1920 साली उठली. सोराबजीबाईंच्या हाती पदवी पडली 1922 साली. तीस वर्षांनी!

आता आपल्या घटनेच्या 15व्या कलमाने सांगितले आहे, की सरकारने स्त्री-पुरुष, जात, धर्म यांवरून भेद करू नये. 19व्या कलमाने नागरिकाला बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. आम्हांला वाटते, ही दोन्ही कलमे जोडीने चालतात. कोणी विचारलेच नाही, तर अन्याय दिसणार कसा?

गावच्या सभेची नोटीस वाचा. "सर्व बंधूंनी यावे" एवढेच असेल, तर घरातली बाई म्हणते, "आपल्याला कुठं बोलावलंय?" तिथे 'बंधुभगिनींनी' असे लिहायला सांगा. आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा वाचा, आणि विचारायला भिऊ नका.