एक ठेका, सोळा गाणी
ठेक्यामागचं जग : भाग ७

मागच्या भागात आपण ड्रम मशीनची ओळख करून घेतली. १९८३ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-९०९ आलं आणि शिकागोच्या नाचघरांतलं हाउस संगीत अशाच यंत्रांवर वाढलं, इथवर आपण आलो होतो. आज एक अख्खा अल्बम ऐकू : 'डाफ्ट पंक' या पॅरिसच्या जोडीचा 'होमवर्क'. थोमा बांगाल्तेर आणि गी-मानुएल द ओमें-क्रिस्तो हे दोघं तेव्हा नुकते विशीत आलेले. बांगाल्तेरच्या झोपायच्या खोलीत त्यांनी संगीत केलं आणि जानेवारी १९९७ मध्ये अल्बम बाजारात आला. गाणी सोळा, वेळ साधारण सव्वा तास.

मी तो मेळघाटातल्या सेमाडोहला बसून, हेडफोन लावून ऐकतो आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात मोठ्याने गाणी लावायची नसतात, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं. या संगीताबद्दल वाचक नेहमी विचारतात, 'तेच तेच वाजतं, यात ऐकायचं काय?' त्याचं उत्तर शोधायला मेळघाटाइतकी चांगली जागा नाही.

सुरुवात सातव्या गाण्यापासून करू. 'अराउंड द वर्ल्ड' सात मिनिटांचं आहे आणि त्यात शीर्षकाचे तीनच शब्द आहेत. यंत्रातून काढलेल्या आवाजात ते १४४ वेळा येतात. मिनिटाला सुमारे १२० ठोके पडतात. पहिल्यांदा ऐकताना कान शब्दांना धरून बसतो आणि कंटाळतो. दुसऱ्यांदा शब्द सोडून द्या आणि खालचा बेस धरा. तो पायऱ्या चढतो, उतरतो. मग त्याच्यावर गिटार येते, कीबोर्ड येतो, एखादा थर निघून जातो आणि परततो. दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने या गाण्याच्या व्हिडिओत प्रत्येक वाद्याला नाचणाऱ्यांचा एकेक गट दिला : बेससाठी खेळाडू, गिटारसाठी सांगाडे, ड्रम मशीनसाठी ममी, आवाजासाठी यंत्रमानव. गाण्याची रचना कानाला सापडत नसेल, तर त्या व्हिडिओत ती डोळ्यांना दिसते.

आता मागे, तिसऱ्या गाण्याकडे. 'रेव्होल्यूशन ९०९' पोलीस येऊन पार्टी बंद पाडतात तिथून सुरू होतं. फ्रान्समध्ये त्या काळी रेव्ह पार्ट्यांवर कारवाई होत असे, त्याचा हा उल्लेख. फ्रेंच हाउसची खरी खूण असलेला फिल्टरही या अल्बममध्ये जागोजागी भेटतो. आवाजातला वरचा, चमकदार भाग कापून टाकायचा आणि मग बटण हळूहळू फिरवत तो परत आणायचा. लग्नाच्या मांडवातलं गाणं बंद दाराआडून ऐकू यावं आणि कोणी ते दार सावकाश उघडावं, तसा परिणाम होतो. सूर एकही बदललेला नसतो, तरी अंगावर काटा येतो.

'दा फंक' थोडं संथ, मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास. त्यात टीबी-३०३ या छोट्या बेस यंत्राचा पिळवटलेला आवाज येतो. हेच यंत्र १९८२ मध्ये मुंबईत हिंदी चित्रपटांचे वादक चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या जोडीने वापरलं आणि 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. भैरवी, ललत, मालकंस, सगळे राग नाचाच्या ठेक्यावर. या यंत्राच्या अशाच पिळवटलेल्या आवाजावर उभ्या राहिलेल्या 'ॲसिड हाउस'ची शिकागोतली पहिली गाजलेली तबकडी १९८७ची. म्हणजे या वाटेवर महाराष्ट्रातलं एक पाऊल पाच वर्षं आधीचं आहे.

नववं गाणं 'टीचर्स'. त्यात केवळ नावं आहेत : ज्यांच्याकडून शिकलो त्यांची, त्यांत शिकागोचे डीजे बरेच. गुरूंचं नाव घेऊन पुढे जायची रीत आपल्याला सांगायला नको. 'रोलिन अँड स्क्रॅचिन' मात्र कर्कश आहे. आवाज कमी ठेवा. पण सोडू नका, अल्बमची सगळी ताकद तिथे उघडी पडते.

आता मेळघाट. इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण होळी. ढोल आणि बासरीवर गादली-सुसून नाच चालतो, रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागितला जातो. ढोलाचा ठेका दीर्घ वेळ तोच राहतो. पहिली काही मिनिटं पाहुण्याला वाटतं, कळलं सगळं. मग पाय आपोआप पडायला लागतात, लक्ष मोकळं होतं, आणि बासरीची छोटीशी वळणं, ओळीतल्या पावलांमधले फरक ठळक दिसू लागतात. पुनरावृत्तीचं काम हेच : शरीराला ठेका सोपवायचा आणि कानाला बारीक बदलांसाठी मोकळं करायचं. पॅरिसच्या खोलीत यंत्रांनी जे साधलं, ते इथे हातांनी साधतं, आणि हात थकतात, वेग घेतात, एकमेकांकडे पाहून सावरतात. हे यंत्राला येत नाही. म्हणून माझ्या मते कोरकूंचा ढोल हा या कलेचा अधिक श्रीमंत प्रकार आहे.

या आठवड्यात 'होमवर्क' दोनदा ऐका : एकदा सलग, एकदा प्रत्येक गाण्यात केवळ बेसच्या मागे जाऊन. आणि होळीत सेमाडोहच्या वाटेने आलात, तर गाडीतला स्पीकर बंद ठेवा, फगवा आनंदाने द्या आणि ढोलापाशी निदान अर्धा तास थांबा.