फडकं सुकतं तेव्हा

उल्हासनगर कॅम्प नं. ३ असो की अंबरनाथ-बदलापूर, ऑफसेट मशीनवर लाल रंगाचं काम उरकून निळा चढवायचा असला की मशीनमन आधी वॉश मारतो. शाई सोडवणाऱ्या या द्रवात फडकं भिजवायचं, सिलिंडरवरच्या रबरी ब्लँकेटवरून फिरवायचं. लाल रंग फडक्यावर उतरतो आणि ब्लँकेट बघता बघता कोरडं पडतं. मग तो वॉश गेला कुठे? गाळ्याच्या हवेत, आणि श्वासाबरोबर फडकं धरणाऱ्याच्या छातीत.

छपाईचा धोका म्हटलं की आपलं लक्ष शाईकडे जातं. पण ऑफसेटची साधी शाई हवेत फारशी उडतच नाही. तिच्यातलं जवसासारखं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन कागदावर घट्ट होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९६ मध्ये शाईबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. छपाईचं काम मात्र कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकलं. शाई सुटली, काम अडकलं! (शाई अगदीच निर्दोष नाही. अतिनील दिव्याखाली सुकणाऱ्या शाईतल्या अ‍ॅक्रिलेटची कातडीला ॲलर्जी होते.)

वॉश काय करू शकतो, हे जपानमधल्या ओसाकात दिसलं. तिथल्या एका प्रूफ छापणाऱ्या ऑफसेट प्रेसमध्ये पंचविशी ते पंचेचाळिशीच्या कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचं २०१२ मध्ये उघडकीला आलं. एरवी हा दुर्मीळ आजार, तोही बहुधा उतारवयातला. आकडा पुढे १७ वर गेला. प्रूफ म्हणजे मोजकेच कागद आणि लगेच पुढचं काम, त्यामुळे दिवसभर सारखं ब्लँकेट पुसणं. खोलीतली हवा बाहेर जायला वाट अपुरी. वॉशमध्ये होतं १,२-डायक्लोरोप्रोपेन. २०१४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणारं म्हणून त्याच संस्थेच्या पहिल्या गटात गेलं.

पण श्वासातून आत गेलेलं द्रव्य फुप्फुस सोडून पित्तनलिकेत कसं पोचलं? यकृत नको असलेल्या रसायनाला ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याची जोड देऊन पित्तावाटे बाहेर काढायला बघतं. या जोडणीतच काही घातक रेणू तयार होत असावेत, असं संशोधकांना वाटतं. म्हणजे शरीराची साफसफाईच त्या नलिकेच्या मुळावर उठते. हे वाचून मी कितीतरी वेळ थक्क होतो.

नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो, वाफ मात्र असतेच. कातडीही सुटत नाही: दिवसअखेर केरोसीननं हात धुणाऱ्यांच्या कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि भेगा पडतात. म्हणून ओली फडकी झाकणाच्या डब्यात हवीत, पंख्यानं हवा बाहेर फेकायला हवी, आणि सुट्या कॅनमध्ये नक्की काय आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यायला हवं.

वनस्पती तेलापासून बनवलेले वॉशही मिळतात. शाई मुळात तेलाची, म्हणून तेल तिला सोडवतं. ते जवळजवळ उडतच नाहीत, त्यामुळे ब्लँकेट नंतर पाण्याच्या फडक्यानं पुन्हा पुसावं लागतं. काम थोडं वाढतं, पण गाळ्यातली हवा श्वास घेण्याजोगी राहते.