मानवत नाही, पण कितीपर्यंत?

‘दूध मानवत नाही’ हे आपण ठामपणे सांगतो. ते तपासणारी हायड्रोजन श्वासचाचणी मात्र फार सावधपणे बोलते. आदल्या दिवशी डाळी, कांदा, फळं बंद, मग रात्रभर उपास. सकाळी आधी चूळ भरायला लावतात, कारण तोंडातले जंतूसुद्धा साखर आंबवतात. उपाशीपोटीची पहिली फुंकर मोजून झाली की पाण्यात विरघळवलेलं लॅक्टोज प्यायचं, साधारण २५ ग्रॅम, आणि पुढचे तीन तास ठरावीक अंतराने नळीत फुंकत बसायचं. त्या वेळात सिगारेट नाही, व्यायाम नाही, डुलकीही नाही. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, यावर सगळी चाचणी उभी आहे. दुधातली ही साखर लहान आतड्यात लॅक्टेज या विकराने तोडली नाही, तर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जीवाणू ती आंबवतात आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसात येतो. पहिल्या आकड्यापेक्षा दहा लाखांत २० भाग वाढ दिसली, की लॅक्टोज पचलं नाही असं समजतात.

पण पचलं नाही म्हणजे सोसलं नाही, असं नव्हे. २५ ग्रॅम म्हणजे जवळजवळ अर्ध्या लिटर दुधातलं लॅक्टोज, तेही रिकाम्या पोटी. कपभर दुधात ते सुमारे १२ ग्रॅम असतं आणि जेवणासोबत घेतलं तर लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना ते झेपतं. १९९५ साली अमेरिकेत, थोड्याशा दुधानेही खूप त्रास होतो असं सांगणाऱ्या ३० जणांना एक आठवडा रोज न्याहारीबरोबर २४० मिलिलिटर साधं दूध दिलं आणि एक आठवडा लॅक्टोज आधीच तोडलेलं. कोणतं दूध कधीचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही आठवड्यांतल्या त्रासात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. तीसपैकी नऊ जणांना तर लॅक्टोज नीट पचतच होतं. मग हे सगळे मनाचे खेळ का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पोटात कळ येते ती खरीच, आतड्याच्या नसा हळव्या असतील तर तेवढाच वायू एकाला जाणवत नाही आणि दुसऱ्याला वाकवतो. फक्त आळ भलत्यावर गेलेला असतो.

गव्हाचंही तसंच. ग्लुटेन सोसत नाही म्हणणाऱ्या ५९ जणांवर नॉर्वेत केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटफुगी जास्त झाली ती ग्लुटेनने नव्हे, फ्रुक्टानने. गव्हातलं हे कर्बोदक कांद्या-लसणातही भरपूर असतं. म्हणजे पोळी सोडून कांदा-लसूण मसाल्याची आमटी ओरपणाऱ्याला गुण का येत नाही, ते कळतं. (सिलिअ‍ॅक आजाराचा संशय असेल तर रक्ततपासणीआधी गहू सोडू नये, नाहीतर तपासणीच फसते, आणि खऱ्या अ‍ॅलर्जीत ‘कितीपर्यंत’ हा खेळ खेळायचाच नसतो.) शेकडो पदार्थांची यादी हातात ठेवणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. त्यांत मोजली जाणारी प्रतिपिंडं बहुधा एवढंच सांगतात, की हा पदार्थ तुम्ही खाल्ला आहे.

संशय आला की सोडून द्यावं, बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. बिघडतं. फ्रुक्टानसारखी कर्बोदकं बिफिडोबॅक्टेरियांचं अन्न आहेत, आणि ती तोडली की आतड्यातली त्यांची संख्या घटते. म्हणूनच मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या आहारपद्धतीत असे पदार्थ दोन ते सहा आठवडेच बंद ठेवतात. मग एकेक पदार्थ, थोड्यापासून वाढवत, परत आणतात. आपल्याकडे पहिला अर्धा भाग उत्साहाने पाळला जातो, दुसरा कुणी करतच नाही.

विरजण लावणाऱ्या घरांत मात्र दूध परत आणायची एक वाट आयती आहे. दही लावताना जीवाणू थोडं लॅक्टोज खाऊन टाकतात, आणि उरलेलं तोडणारं त्यांचं विकर पोटात गेल्यावरही काम करत राहतं. १९८४ च्या एका अभ्यासात दह्यातल्या १८ ग्रॅम लॅक्टोजमुळे निघालेला हायड्रोजन, दुधातल्या तितक्याच लॅक्टोजच्या सुमारे एकतृतीयांश भरला. उकळी आली की हे विकर निकामी होतं. तेव्हा ताक चालतं पण कढी बाधते, असं कुणी म्हणालं तर हसू नये. अर्थात दोष बेसनाचाही असू शकेल; एकदा कढी बेसनाशिवाय करून बघायची.