ऊ आणि मधमाशी

नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, जवळ आला की आपल्या घरात दोन कीटक एकदमच येतात. टेबलावर सफरचंदाशेजारी मध येतो, आणि सुट्टीनंतर गानमध्ये परतलेल्या नातवंडांच्या डोक्यात उवा येतात.

दोघींना सहा पाय, बाकी साम्य फारसे नाही. उवेला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. डोक्याला डोके लागले की ती सरकते. तिचे पिल्लू पहिल्या दिवसापासून आईसारखेच दिसते आणि रक्तावरच जगते. मधमाशी अंडे, अळी, कोष अशी रूपे बदलत 21 दिवसांत बाहेर पडते. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते, आणि तेवढ्यात लहान चमच्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा मध करते. शिवाय ती पराग नेते म्हणून इथल्या बागांत बदाम धरतात, ते वेगळेच.

या देशात दोघी जुन्या रहिवासी. तेल रेहोव्ह येथे सुमारे 2,900 वर्षांपूर्वीची, माती आणि गवताची नळीसारखी मधमाश्यांची घरे रांगेने सापडली. लाखीशची हस्तिदंती फणी त्याहूनही जुनी, सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची. तिच्यावर कनानी लिपीत 17 अक्षरे कोरली आहेत. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा जाव्यात, अशी ती इच्छा. एका बाजूला बारीक दात, दुसऱ्या बाजूला जाड. आपल्या आजीची कोकणातली फणी अशीच होती की!

आजी रॉकेल चोळून फडकेही बांधायची. ते मात्र आता करू नका. कातडी भाजते, आणि शब्बाथच्या दिव्यांजवळ तर जिवाशी खेळ. ओल्या केसांना कंडिशनर लावून, एकेक बट धरून बारीक फणीने विंचरा. लिखा 7 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. सुनेला किंवा लेकीला बोलही लावू नका. स्वच्छ डोक्यातही उवा होतात, आणि डोक्यातली ऊ रोग पसरवत नाही.

जपायचे ते मधाला. बाळाच्या जिभेवर मधाचे बोट लावायची आपली जुनी हौस. पण एक वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. यंदा आमच्या घरी सर्वांत धाकट्याच्या ताटलीत नुसते उकडलेले सफरचंद असेल.