वेळास दोन आहेत, हे एआयला कोण सांगणार?

बाणकोटच्या खाडीच्या दोन्ही अंगांना एकेक वेळास आहे. दक्षिणेचे मंडणगड तालुक्यातले. नाना फडणवीसांचे आणि कासव महोत्सवाचे. उत्तरेचे रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीने जाणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. मुंबईतल्या चाकरमान्यासाठी गावच्या जमिनीचा उतारा शोधणाऱ्या एआय एजंटाला मात्र तो सांगावाच लागेल. सांगायची हक्काची जागा म्हणजे त्याच्या हाती दिलेल्या सॉफ्टवेअर साधनाचे लेखी वर्णन.

एजंट म्हणजे उत्तर देऊन न थांबता कामही करणारा प्रोग्राम. त्यासाठी भाषा-मॉडेलला साधने जोडतात: एखादे हवामान आणते, एखादे तिकीट काढते. ओपनएआयने जून २०२३ मध्ये अशी सोय प्रोग्रामरांना खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुले मानक जाहीर केले. दोन्हींचा गाभा सारखाच. साधनाच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. दिसते ते साधनाचे नाव, काही ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याची यादी. एवढ्यावरून साधन वापरायचे की नाही, वापरायचे तर कसे, हे ते ठरवते. माणूस अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट अनेकदा अंदाज बांधून पुढे जातो, आणि चुकीचा अंदाजही सफाईदार मराठीत मांडतो. धोका आहे तो या सफाईत.

सातबाराच घेऊ. राज्याच्या महाभूलेख या संकेतस्थळावर आधी विभाग निवडायचा, मंडणगडसाठी कोकण. मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी सर्व्हे किंवा गट नंबर. समजा, हे काम करणारे साधन कोणी तयार केले आणि वर्णनात लिहिले, ‘सातबारा आणते.’ पहिला घोटाळा क्षेत्राचा होईल. उताऱ्यावरचे १.०५.०० म्हणजे १ हेक्टर ५ आर, म्हणजे १०,५०० चौरस मीटर. एकक लिहिलेले नसेल आणि एजंटाने एकर धरले, तर निम्म्याहून जास्त जमीन हिशेबातून गेली. पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्र एकूण क्षेत्रात धरले आहे की वेगळे दाखवले आहे, हेही लिहायला हवे. कातळाच्या आमच्या कोकणात हा प्रश्न किरकोळ नाही.

त्याहून गंभीर गोष्ट कायद्याची. महाभूलेखवर फुकट दिसणारा साधा उतारा फक्त माहितीसाठी असतो. सरकारी आणि कायदेशीर कामाला चालणारा डिजिटल सहीचा उतारा वेगळा, आणि त्याला १५ रुपये शुल्क पडते. म्हणून साधन केव्हा वापरू नये, हे वर्णनात स्पष्ट हवे. पैसे कापले जाणार असतील तर आधी माणसाला विचार, हेही हवे. नुसते वाचणारे साधन आणि काहीतरी बदलणारे किंवा खर्च करणारे साधन यांतला भेद पहिल्या दोन ओळींत आला नाही, तर ते वर्णन मी अपुरेच मानीन.

गावाच्या नावांचेही तसेच. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातच आहे. त्याचे नाव कुठे आंबडवे, कुठे आंबवडे असे लिहिलेले सापडते. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. साधनाने तो मागावा, म्हणजे दोन वेळासही एकमेकांत मिसळणार नाहीत. आणि शोध फसला तर नुसते ‘नोंद सापडली नाही’ कशाला? ‘या गावात हा नंबर मिळाला नाही; हिस्सा नंबर घालून पुन्हा शोधा’ असा संदेश आला, तर एजंटाला पुढची वाट कळते.

सगळेच लिहून काढा, असे मात्र नाही. जोडलेल्या साधनांची वर्णने मॉडेलपुढे सहसा एकत्र ठेवली जातात; पसारा वाढला की नेमकी गोष्ट त्यात हरवते. जगाला आधीच माहीत आहे ते गाळावे, आणि बाहेरचा माणूस जिथे हमखास चुकेल ते लिहावे.

ही चुकायची ठिकाणे ठाऊक असतात तलाठ्याला आणि महा ई-सेवा केंद्रात दिवसभर अर्ज भरणाऱ्या ऑपरेटरला. प्रोग्रामरला ती माहीत असतीलच असे नाही, आणि ज्यांना माहीत आहेत त्यांना कोणी विचारत नाही. आज सरकारी सेवांसाठी साधने लिहायला बसलेल्या तरुण मित्रांना एवढीच विनंती: वर्णन लिहून झाले की तालुक्याच्या सेवा केंद्रात जा, ते ऑपरेटरला मोठ्याने वाचून दाखवा, आणि ‘असं नसतं हो’ असे तो जिथे म्हणेल तिथली दुरुस्ती कोडला हात लावण्याआधी करा.