जीपवर हार्डटॉप बसवायचाय? आधी रंग सांभाळा!



पाऊस तोंडावर आला की जुन्या जीपच्या मालकाला एकच काळजी असते: कापडी हूड गळणार. मग तो फायबरचा हार्डटॉप बसवायला गॅरेज शोधतो आणि पावसाळा संपला की तोच टॉप काढायला परत येतो. म्हणजे एकच गिऱ्हाईक वर्षातून दोनदा! माण-हिंजवडी किंवा चाकणच्या बाजूला छोटं गॅरेज टाकणाऱ्यांनी या कामाचा नक्की विचार करावा.

पण आधी हिशोब बघा. समजा, मजुरी घेतली १,५०० रुपये आणि काम करताना बॉडीवर ओरखडा पडला. तो भाग रंगवून द्यायला ४,५०० गेले, तर तीन गाड्यांची मजुरी पाण्यात. वर गिऱ्हाईक तुटलं ते वेगळंच.

रंग टॉपमुळे खराब होत नाही, तो धूळ आणि घाईमुळे होतो. आपल्याकडे बांधकामाची धूळ काय कमी आहे का? रबर आणि रंगाच्या मध्ये ती अडकली, की गाडीच्या प्रत्येक हादऱ्याला पॉलिश पेपरसारखी घासते.

म्हणून कामाचा क्रम ठरवून घ्या:

१. गाडी घेतानाच मालकासमोर चारही बाजूंचे फोटो काढा. जुने ओरखडे कार्डावर लिहून सही घ्या.

२. गाडी धुवा आणि पूर्ण कोरडी करा. काचेची फ्रेम आणि बॉडीच्या कडा मऊ कापडाने पुसा. ताजा रंग असेल तर थांबा. रंग वरून सुकला तरी आतून पक्का व्हायला काही आठवडे लागतात, तोवर रबराचा ठसा उमटतो.

३. कडांना मास्किंग टेप लावा, बोनेटवर गोधडी टाका. अंगठी, घड्याळ, बक्कलचा पट्टा काढून ठेवा.

४. टॉप चौघांनी उचला. तो वरून सरळ खाली ठेवायचा, बॉडीवरून सरकवायचा नाही. जागेवर टेकायच्या आत टेप काढलेला हवा.

५. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग थोडे थोडे करून समोरासमोरचे आवळा. खाली रबर वॉशर हवाच. जास्त आवळलं तर फायबर तडकतं.

६. नवीन भोक पाडलं, तर कडा घासून प्रायमर आणि टच-अप करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर वापरू नका, गंज धरतो.

आठवड्याने गाडी परत बोलवा. बोल्ट तपासा, बीडिंगखाली पाणी साचतंय का बघा. साचलेलं पाणी आधी रंग फुगवतं, मग पत्रा खातं. ही तपासणी फुकट द्या. पुढचं गिऱ्हाईक तिथूनच येतं.

आणि कायद्याचं विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्यामुळे मूळ मॉडेलला नसलेला टॉप असेल, तर आधी आरटीओत विचारायला सांगा, मगच काम हातात घ्या.

टॉप कुणीही बसवेल. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते त्याच्या जीवापाड जपलेल्या गाडीला ओरखडा न पडल्याचे. तुम्ही विकताय ती हीच गोष्ट. कामाला लागा!